स्टेअरिंग माझ्याकडे नसतं

गाडी शिकवण्याच्या धंद्यात असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच चालत येतात. किंबहुना अंगावर येतात! गडचिरोलीत आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. विलासभाऊ मालक, मी शिकवणारी, आणि एक पांढरी छोटी कार. मी डाव्या सीटवर बसते. माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक आहे, जादाचा क्लच आहे. स्टेअरिंग मात्र एकच, आणि ते नेहमी दुसऱ्याच्या हातात! चौदा वर्षं मी अशी बसून आहे. लोक विचारतात, "बाई, तुमाले भेव नाई लागत?" मी हसते. काय सांगणार?

सगळ्यात जास्त घोळ त्या एका शब्दानं केलेत. स्टेअरिंग. त्यातलेच काही सांगते.

* * *

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगते. स्टेअरिंग म्हणजे घड्याळ समजायचं. डावा हात दहाच्या आकड्यावर, उजवा दोनच्या. म्हणजे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे दिसतात तसे.

बँकेतल्या एक मॅडम होत्या. सकाळी सातची बॅच. पहिल्या दिवशी त्यांचे हात सारखे खाली घसरत होते. उतरताना मी जरा दमात म्हटलं, "मॅडम, उद्यापासून दहा वाजून दहा मिनिटं. पक्कं!"

"पक्कं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सातला मॅडम नाहीत. फोन लागेना. मला वाटलं, बोलणं लागलं बहुतेक, सोडला क्लास. दहा वाजून दहा मिनिटांनी दुसरी बॅच चालू असताना मॅडम धापा टाकत दारात!

"पायलं ना बाई, एक मिनिट इकडे नाई की तिकडे नाई! बँकेतून अर्धी सुट्टी टाकून आली!"

* * *

आरमोरीकडचे नामदेवभाऊ. वय अठ्ठावन्न. सगळा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला. मुलगा पुण्याला कंपनीत, त्यानं कार घेऊन दारात उभी केली आणि तो परत गेला. कार सहा महिने ताडपत्रीखाली. शेवटी नामदेवभाऊ आमच्याकडे आले.

माणूस अतिशय शहाणा. गिअर दोन दिवसांत आला. वळणं तर अशी घ्यायचे की मी बघत राहायची. म्हटलं, हा गृहस्थ आठ दिवसांत तयार होतो.

पाचव्या दिवशी चामोर्शी रोडला समोरून ट्रॅक्टर आला. मी म्हटलं, "थांबवा भाऊ."

नामदेवभाऊंनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, मागे रेलले आणि जीव खाऊन स्वतःकडे ओढलं. "होऽऽऽ! हो रे राजाऽऽ!"

गाडी कशाची थांबते! मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. आणि त्याच क्षणी खट्ट असा आवाज झाला आणि स्टेअरिंग वीतभर खाली येऊन नामदेवभाऊंच्या मांडीवर टेकलं. कोणीतरी उंची बदलायचा खटका उघडा ठेवला होता, एवढंच. पण त्यांना काय माहीत! चेहरा पांढराफटक. हात तसेच वर.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मान मोडली वो त्याची."

* * *

मानेवरून आठवलं. ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर आमच्याकडे शिकल्या. लायसन मिळालं, जुनी कार घेतली, आणि पहिल्याच रविवारी बहिणीकडे घुग्घुसला गेल्या. एवढ्या लांब! मला सांगितलंही नाही.

दुपारी त्यांचा फोन. मागे ट्रकांचा आवाज, कोळशाच्या खाणीची शिफ्ट सुटलेली, नुसता कल्ला. सिस्टरांचा आवाज रडवेला.

"बाई, काईच समजून नाई राह्यलं! मान एकदम कडक झाली! डावीकडे नाई, उजवीकडे नाई!"

मी उभीच राहिले. "कधीपासून?"

"अर्ध्या तासापासून! चांगली होती वो सकाळी. चार जणांनी जोर लावून पायला, वळतच नाई!"

"जोर लावू देऊ नका कोणाला!" मी ओरडले. "सिस्टर, तुम्हाला कळत कसं नाही? आधी डॉक्टर बोलवा!"



"डॉक्टर काय करन? मेकॅनिक पायजे ना! स्टेअरिंगची मान म्हणून राह्यली मी!"

चावी काढल्यावर चाक वळवलं गेलं होतं, म्हणून लॉक बसलं होतं. चावी घाला, थोडं इकडेतिकडे हलवा आणि फिरवा, असं फोनवरच सांगितलं. सुटलं! पण तोवर तिथं जमलेल्या लोकांपैकी एकानं गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं होतं. श्रेय त्यालाच मिळालं.

* * *

आता बसवाले काका. तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. अहेरी म्हणू नका, सिरोंचा म्हणू नका, पावसाळ्यातले सगळे रस्ते पाठ. सुनेनं कार घेतली आणि सुनेसमोर चुकायला नको म्हणून एक दिवस आमच्याकडे हात साफ करायला आले. मी म्हटलं, यांना मी काय शिकवणार! त्या दिवशी मी निवांत बसले. पाय ब्रेकवर नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा!

चौकात डावीकडे वळायचं होतं. काकांनी आयुष्यभराच्या सवयीनं खांदे उचलले, दम घेतला आणि बसचं चाक ओढावं तसं आमचं पॉवर स्टेअरिंग ओढलं. गाडी डावीकडे वळली, आणखी वळली, वळतच राहिली आणि चहाच्या टपरीच्या बाकड्यासमोर एक हात अंतरावर थांबली. ब्रेक काकांनीच मारला. मला पाय सापडतच नव्हता.

बाकड्यावर दोन माणसं कप हातात घेऊन बसलेली. कोणी हललं नाही.

काकांनी काच खाली केली. आता माफी मागतील, असं मला वाटलं.

"दोन चहा द्या," काका म्हणाले. "एक बाईले बिनसाखरेचा. त्यांचे हातपाय कापून राह्यले."

बिनसाखरेचा काऊन, ते मला आजवर समजलेलं नाही.

* * *

खोब्रागडे सर मात्र वेगळंच प्रकरण. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी आले, "जय भीम बाई" म्हणाले, सीटवर बसले, आणि माझं पहिलंच वाक्य अडवलं.

"स्टेअरिंग पकडा सर."

"बाई, स्टेअरिंग पकडता येत नाही. स्टीअर हे क्रियापद आहे. दिशा देणे. पकडायचं ते व्हील. स्टीअरिंग व्हील."

चौदा वर्षांत ही चूक कोणी दाखवली नव्हती! रोज असंच. मी म्हणायची स्टेअरिंग, सर म्हणायचे स्टीअरिंग. शिकवायची फी मी घेत होते, शिकत पण मीच होते.

दहाव्या दिवशी पोटेगाव रोडला होतो. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. सरांना रंगात यायला एवढं पुरे.

"गंमत सांगतो. स्टीअर हे नाम पण आहे. अर्थ माहीत आहे? बैल!"

"काहीतरीच काय सर!"

"खरं सांगून राह्यलो. आणि तोही खच्ची केलेला बैल. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त स्पेलिंग एक!" सर माझ्याकडे वळून सांगत होते. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा फळ्यावर लिहिल्यासारखा हवेत. आणि समोर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक भला मोठा पांढरा बैल उभा!

"सर, स्टीअर!" मी किंचाळले.

सर माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर केवढं समाधान!

"नाम की क्रियापद?"

मी ब्रेकवर उभी राहिले म्हणा ना! बैलाच्या शिंगाला बोनेट लागायचं तेवढं राहिलं. बैलानं आत डोकावून सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा नीट केला.

"दोन्ही," ते म्हणाले.

* * *

त्याच दिवसांत विलासभाऊंनी पत्रकं छापली. आमचे विलासभाऊ म्हणजे उत्साही माणूस. बसस्टँडवर सरांना कोणाशी तरी बोलताना त्यांनी ऐकलं, त्यात "स्टीअर क्लिअर" हे दोन शब्द कानावर पडले, आणि फार आवडले. स्टीअर म्हणजे गाडी, क्लिअर म्हणजे परीक्षा क्लिअर. मला न विचारता, सरांना न विचारता, प्रेसमध्ये जाऊन आले. आमच्या स्कूलचं नाव, खाली माझा फोटो, आणि फोटोखाली मोठ्या अक्षरात इंग्रजीत: स्टीअर क्लिअर!

पेपरवाल्यांकडून ती घरोघरी गेली. तिसऱ्या दिवशी खोब्रागडे सर पत्रक हातात घेऊन ऑफिसात आले. सरांचे ओठ थरथरत होते. रागानं की हसू दाबल्यानं, सांगता येईना.

"विलासभाऊ, हे तुम्ही छापलं?"

"हौ सर! तुमचेच शब्द आहेत!"

"अहो, स्टीअर क्लिअर म्हणजे चार हात लांब राहा. धोका आहे, जवळ जाऊ नका!" सरांनी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "तुम्ही अख्ख्या गडचिरोलीले सांगून राह्यले का या बाईपासून लांब राहा!"

विलासभाऊ मटकन खुर्चीत बसले. मी फोटोकडे बघत होते. फोटो चांगला आला होता, हेच वाईट!

पुढच्या आठवड्यात नवी बॅच इतकी भरली की दोघा-तिघांना थांबा म्हणावं लागलं. त्यातल्या एकाला विचारलं, कुठून समजलं? त्यानं खिशातून पत्रक काढलं. "तुमचा फोटो पायला न बाई. इंग्लिशमध्ये लिवलं आहे म्हणजे भारीच असन, म्हटलं."

* * *

सरांचं एक राहिलं. हे किस्सा म्हणून सांगावं की नाही, मला माहीत नाही.

दोन महिने झाले तरी सरांची गाडी सरळ जाईना. आम्ही हसायचो. मागून विलासभाऊ नक्कलही करायचे. एकदा मी म्हटलंच, "सर, एवढा अट्टाहास कशाला? चौसष्ट वय आहे तुमचं. ड्रायव्हर ठेवा महिन्यानं."

सर गाडी बाजूला घेऊन थांबले. पहिल्यांदाच नीट, कडेला, झटका न देता.

"घरी आमच्या मॅडम आहेत ना. आठवड्यातून तीनदा डायलिसिसले ब्रह्मपुरीले न्यावं लागते. येताना भाड्याच्या गाडीत उलट्या होतात. ड्रायव्हर काही बोलत नाही, पण काच उघडते. तिले लाज वाटते. आता म्हणते, मी जात नाही." ते समोर बघत होते. "माझ्यासमोर तिले लाज वाटत नाही."

मी ऑफिसात येऊन विलासभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला, आणि उरलेले पंधरा दिवस सकाळी साडेपाचला येऊन सरांना स्वतः मैदानावर नेलं. एकही दिवस चुकवला नाही. सरांना लायसन मिळालं. त्यांची पांढरी गाडी ब्रह्मपुरी रोडला अजून दिसते, चाळीसच्या वर काटा जात नाही आणि मागे सगळे हॉर्न वाजवत असतात.

* * *

शेवटचा सोनीबाईंचा. सोनीबाई पदा. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातलं गाव, तिथल्या सरपंच. पंचेचाळिशीच्या असतील. एक दिवस ऑफिसात आल्या, जोहार केला, आणि म्हणाल्या, "मले स्टेअरिंग शिकाचं आहे. स्टेअरिंग कमिटीत घेतलं मले."

विलासभाऊंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. तालुक्याला कुठली तरी योजना आली होती, तिची सुकाणू समिती. तिचं इंग्रजी नाव स्टीअरिंग कमिटी. विलासभाऊंना हसू आवरेना. समजुतीच्या सुरात म्हणाले, "सोनीबाई, त्या स्टेअरिंगचा आणि गाडीचा काई संबंध नाई. ते म्हणजे योजनेले दिशा द्याची..."

"मले माहीत आहे त्याचा अर्थ," सोनीबाई शांतपणे म्हणाल्या. "तीन मीटिंगा झाल्या. तिन्ही वेळा सही घेतली, चहा देल्ला, काई विचारलं नाई. म्हटलं, तिथी तर हाती काई येत नाई. गाडीचं तरी घ्याव."

विलासभाऊंनी गुपचूप फॉर्म पुढे केला.

बाई शिकायला चांगल्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. बारावा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना रिव्हर्स शिकवणार होते. त्या म्हणाल्या, आज आमच्या रस्त्यानं जाऊ, रोज तिथूनच चालवाची आहे. सकाळचे नऊ वाजले होते. हत्तींचा कळप त्या भागात फिरतोय, हे सगळ्यांना माहीत होतं. पण काल रात्री नदीपलीकडे दिसल्याचा मेसेज होता, म्हणून मी हो म्हटलं.

वनखात्याचा नाका मागे टाकून एक किलोमीटरभर गेलो असू. वळण घेतलं, आणि रस्त्यावर हत्तीण.

बसस्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढ्या अंतरावर. तिच्या पोटाखालून पिल्लाचे पाय दिसत होते. सोनीबाईंनी गाडी थांबवली. हत्तिणीनं कान पसरले. हॉर्न वाजवू नका, एवढं मला सांगायचं होतं.

सोनीबाईंनी हॉर्नला हात लावला नाही. त्यांनी गिअरच्या दांड्यावरच्या खुणेकडे बघितलं आणि रिव्हर्स टाकला. रोज सकाळी मी शेडमधून गाडी मागे काढते, ते बघितलं असणार. क्लच सोडला. गाडी थरथरली, घुरघुरली आणि बंद पडली. हत्तीण दोन पावलं पुढे आली. त्यांनी पुन्हा चालू केली. पुन्हा क्लच. पुन्हा तेच, बंद!

सोनीबाईंनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे.

"बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ब्रेक तुमच्या पायाखाली आहे. पाय काढा."

मला ऐकू आलं. समजलं पण. पाय निघेना! चौदा वर्षं ज्या पायानं लोकांना वाचवलं, तो पाय माझं ऐकेना. हत्तिणीनं सोंड वर केली.

सोनीबाईंनी डावा हात लांब करून माझा गुडघा धरला आणि पायच्या पाय उचलून बाजूला ठेवला. पोतं सरकवावं तसा. गाडी चालू केली. एक हात माझ्या सीटच्या पाठीवर, मान मागे वळलेली, दुसऱ्या हातात स्टेअरिंग. आणि गाडी मागे निघाली. वळण मागे, मोरी मागे, सागाची झाडं मागे. त्या मागचा रस्ता बघत होत्या आणि मी समोर बघत होते. हत्तीण आधी आमच्या मागे धावली, मग थांबली, मग लहान होत गेली. वळणाआड गेली. पिल्लू शेवटपर्यंत मला नीट दिसलं नाही.

सोनीबाई थांबल्या नाहीत. अख्खं किलोमीटर उलटं आणून त्यांनी गाडी नाक्याच्या फाटकाशी उभी केली.

वनरक्षक धावत बाहेर आला. "अवो, मागं मागं काऊन येऊन राह्यले?"

"हत्ती आहे," सोनीबाई म्हणाल्या, आणि हँडब्रेक ओढला.

तो आधी रस्त्याकडे धावला, फाटक पाडलं, वायरलेसवर बोलला. मग परत आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या काचेवरचा लाल एल बघितला. खिडकीतून आत वाकला. एकदा सोनीबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दोघींतून शिकाऊ कोण आहे?"

मी हात वर केला.